वरची शीर आणि वरवरचा निकाल

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या पनवेलमध्ये ज्येष्ठ नागरिकांची एक घरगुती बैठक झाली. तीत पायांच्या फुगलेल्या शिरांचा विषय निघाला, तेव्हा उभे आयुष्य शेजाऱ्यापाजाऱ्यांना औषधपाणी सांगण्यात घालवलेल्या आणि त्या कारणाने आम्हा सर्वांच्या आदरास पात्र झालेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी असा निकाल दिला की, व्हेरिकोज व्हेन्समध्ये रक्ताची गुठळी धरली तर तिचे कोणी भय बाळगू नये; ती शीर वरची, कातडीखालची; धोका असतो तो खोल शिरेतल्या गुठळीचा; वरच्या गुठळीस कोमट तेल चोळावे, ठणका फार लागला तर जळवा लावाव्यात, आठ दिवस पाय उशीवर ठेवून पडून राहावे; आणि जे डॉक्टर लगोलग सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून रक्त पातळ करण्याची औषधे सुरू करतात, त्यांचे लक्ष रोग्याच्या पायाकडे नसते, खिशाकडे असते. बैठकीतल्या पंधरा-वीस माना संमतीने हलल्या. माझी हलली नाही, आणि त्या वेळी मी बोललोही नाही, ही माझी चूक झाली. त्या गृहस्थांविषयीचा आदर कायम ठेवून ती चूक येथे दुरुस्त करीत आहे. त्यांच्या बोलण्यात खरा अंश आहे, म्हणूनच ते लोकांस पटते, आणि म्हणूनच त्याचे उत्तर तपशीलवार दिले पाहिजे.

प्रथम खरे ते पदरात घालतो. पायातले रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांचे दोन थर आहेत: एक स्नायूंच्या आत खोल दडलेला, दुसरा कातडी आणि स्नायू यांच्या मधल्या चरबीतून जाणारा. फुगतात, वेटोळी घेतात, निळ्या गाठींसारख्या दिसतात त्या या दुसऱ्या थरातल्या. खोल शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकण्याचा संभव वरच्या गुठळीपेक्षा पुष्कळच अधिक, हेही निर्विवाद आहे. परंतु वरची शीर ही आपल्या वाटेवर वरची असते. आपल्या मुखाशी ती वरची राहत नाही. घोट्याच्या आतल्या बाजूस उगम पावून पोटरीच्या आणि मांडीच्या आतल्या अंगाने वर चढणारी जी मुख्य शीर, जिला डॉक्टर ग्रेट सफेनस म्हणतात, ती जांघेत येऊन खोल शिरेस मिळते. पोटरीच्या मागून येणारी दुसरी, धाकटी शीर बहुधा गुडघ्यामागे खोल जाते. या दोन संगमांखेरीज, स्नायूंचे आवरण भेदून वरच्या थरास आतल्याशी जोडणाऱ्या लहान आडव्या शिरा पायभर ठिकठिकाणी आहेतच. आमच्या गाढी नदीला पनवेलच्या खाडीस मिळताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे समजावयास शरीरशास्त्राची गरज नाही. आषाढाच्या पुरात वाहून आलेला ओंडका नदीच्या मुखाशी आला, म्हणजे तो अद्याप नदीतलाच आहे या समजुतीवर खाडीतल्या होडीवाल्याने निर्धास्त राहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

नावावरून निर्णय घेण्याचा हा प्रमाद केवळ सामान्य माणसांचा आहे असेही नाही. मांडीतल्या एका मोठ्या खोल शिरेस इंग्रजी शरीरशास्त्रात वर्षानुवर्षे ‘सुपरफिशियल फेमोरल’, म्हणजे ‘वरची’ मांडीची शीर, असे नाव होते. ती शीर खोल, तीतली गुठळी खोल शिरेतली, आणि तिच्यावर पूर्ण उपचार अवश्य. परंतु १९९५ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात काही शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले की, त्या एका शब्दामुळे पुष्कळ डॉक्टर अशा रोग्यास रक्त पातळ करण्याचे औषध देणारच नाहीत. आणि त्या नावास त्यांनी प्राणघातक ठरू शकणारे चुकीचे नाव असेच म्हटले. पुढे शास्त्रज्ञांनी ते विशेषण गाळून टाकले. प्रशिक्षित डॉक्टर जेथे ‘वरची’ या शब्दाने चकले, तेथे आमच्या बैठकीतल्या माना हलल्या याचे मला आश्चर्य वाटत नाही. खेद मात्र वाटतो.

गुठळी धरतेच का, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ विरखोव्ह याने १८५६ च्या सुमारास जे सांगितले त्यावरून आजही सांगतात: रक्ताचा वेग मंदावला, शिरेच्या अस्तरास इजा झाली, किंवा रक्ताचा गोठण्याचा गुण वाढला, म्हणजे गुठळी होते. फुगलेल्या शिरेत पहिल्या दोहोंची सोय कायमची झालेली असते. शिरांत रक्ताला खाली न येऊ देणाऱ्या झडपा असतात. त्या निकामी झाल्या म्हणजे उभ्या माणसाच्या सबंध रक्तस्तंभाचा भार घोट्यावर येतो. स्वस्थ उभे असताना घोट्याच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो. चालू लागले, पोटरीचे स्नायू आवळू-सुटू लागले, की निरोगी पायात तो ३० च्या आसपास उतरतो, आणि झडपा गेलेल्या पायात पुरता उतरत नाही. आता आमच्या तालुक्यात उभे राहून पोट भरणारी माणसे मोजा. कळंबोलीच्या चौकातला वाहतूक पोलीस, लोखंड बाजारातला माथाडी, एस.टी.चा वाहक, वर्गात फळ्यासमोर तीस वर्षे काढणारी शिक्षिका, तीन बाळंतपणांनंतर चिखलात वाकून भात लावणारी बाई. या माणसांना ‘घाबरू नका’ एवढेच सांगून घरी पाठवणे मला कर्तव्यच्युती वाटते.

आता पुराव्याकडे वळतो. २०१० मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी पायाच्या वरच्या शिरेत पाच सेंटीमीटर किंवा अधिक लांबीची गुठळी झालेल्या ८४४ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रथम तपासणीच्या वेळीच त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या रोग्यांना खोल शिरेतही गुठळी होती किंवा ती फुप्फुसापर्यंत गेलेली होती. ज्यांची गुठळी केवळ वरच्या शिरेत होती, त्यांच्यापैकीही सुमारे दहा टक्क्यांना, बहुतेकांस औषधे चालू असताना, पुढल्या तीन महिन्यांत गुठळी वाढण्याचा, पुन्हा होण्याचा किंवा खोल शिरेत अथवा फुप्फुसात जाण्याचा उपद्रव झाला. ही सर्व माणसे केवळ हाताने चाचपून पाहिली असती, तर चाचपणाऱ्या हातास वरची दोरी लागली असती आणि आतले काहीच लागले नसते. आमच्या वडीलधाऱ्या गृहस्थांचे विधान ‘वरची गुठळी निरुपद्रवी’ असे आहे. मी विचारतो की ती केवळ वरचीच आहे, याचा दाखला त्यांना कोणी दिला?

हा दाखला कसा मिळतो ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. माझी थोरली बहीण, आमची माई, हिने तीस वर्षे खानावळ चालवली. पहाटे पाचपासून चुलीपुढे उभी. दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या गडबडीत, तिच्या उजव्या मांडीच्या आतल्या बाजूस, गुडघ्याच्या चार बोटे वरपासून, करंगळीएवढ्या जाडीची तांबूस, कढत, हात लावू न देणारी दोरी उठली. एका डॉक्टरांनी पाहून ‘नस सुजली आहे’ म्हणून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि मलम दिले. शेजारणीने मायेपोटी रोज रात्री तीळतेल चोळले. आठव्या दिवशी दोरी वीतभर वर चढली, तेव्हा माझ्या भाच्याने तिला डॉपलर सोनोग्राफीस नेले, मीही बरोबर गेलो. अंधाऱ्या खोलीत माईच्या जांघेवर थंड जेल लावून त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हातातले यंत्र टेकवले; पडद्यावर शेजारीशेजारी काळी वर्तुळे उमटली. “काका, ही खोलची शीर बघा,” त्या म्हणाल्या, आणि यंत्र किंचित दाबताच ते काळे वर्तुळ पापणी मिटावी तसे मिटले. मग यंत्र दोन बोटे खाली सरकवून त्यांनी दुसरे वर्तुळ दाखवले. ते काळे नव्हते, राखाडी होते. दाबले, अधिक दाबले, ते मिटेना. “ही भरलेली आहे.” त्यांनी पडद्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठिपके मारले आणि अहवालात दोन आकडे लिहिले: गुठळीची लांबी १९ सेंटीमीटर, आणि जांघेतल्या संगमापासून तिच्या वरच्या टोकाचे अंतर २ सेंटीमीटर. खोल शीर मोकळी होती. सबंध तपासणीस अर्धा तासही लागला नाही.

त्या दोन आकड्यांवर सबंध उपचार ठरतो. गुठळीचे टोक जांघेतल्या संगमापासून तीन सेंटीमीटरच्या आत आले असेल, तर ती खोल शिरेतलीच समजून पूर्ण मात्रेत, बहुधा तीन महिने, रक्त पातळ करण्याचे औषध देतात. माईला तेच दिले. टोक त्याहून दूर असेल पण गुठळी पाच सेंटीमीटरहून लांब असेल, तर कमी मात्रेत सुमारे दीड महिना. गुठळी त्याहूनही आखूड आणि संगमापासून दूर असेल, तर दाह कमी करणाऱ्या गोळ्या, वर लावण्याचे औषध, दाब देणारे मोजे, चालणेफिरणे आणि थोड्याच दिवसांनी पुन्हा डॉपलर, एवढ्यावरही भागते. म्हणजे आमच्या गृहस्थांचा साधा इलाज काही रोग्यांना खरोखर पुरतो. परंतु तो कोणाला पुरतो, हे मोजल्यावाचून कळत नाही, आणि त्यांनी मोजणेच वर्ज्य ठरवले आहे.

तेल चोळण्याविषयी मला दोन शब्दांहून अधिक लिहिण्याची इच्छा नाही: चोळू नये. ताज्या गुठळीने भरलेल्या शिरेवर खालून वर जोराने मालीश करणे हे अविचाराचे आहे. वेदना शमवायची तर लेप हलक्या हाताने पसरावा. पडून राहण्याचा सल्लाही उलटा आहे, कारण गुठळीस मंद रक्त मानवते. रोग्याने बसताना पाय उंच ठेवावा, पण दिवसभर थोडेथोडे चालत राहावे. अँटिबायोटिकचा प्रघात आमच्या गावात फार आहे. शीर तांबडी आणि कढत दिसते म्हणून ती पिकली असे समजतात. वस्तुतः हा दाह जंतूंचा नव्हे, गुठळीचाच असतो, आणि सलाइनच्या सुईमुळे शीर सडल्यासारखे प्रसंग सोडले तर त्या गोळ्यांनी काडीचाही गुण येत नाही. माईचे ते आठ दिवस याच समजुतीत गेले.

जळवांचा मामला निराळा, आणि पनवेलमध्ये त्याविषयी जपून लिहिले पाहिजे. कारण ज्या गावात वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर औषधालय स्थापन केले, त्या गावाने आयुर्वेदाविषयी अभिमान बाळगणे यथायोग्यच आहे, आणि तो अभिमान मलाही आहे. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, हे १८८४ मध्ये हेक्राफ्ट या शास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवले. जळू लावल्याने ठणका उतरतो असे सांगणारे रोगी मला भेटले आहेत, आणि मी त्यांना खोटे म्हणत नाही. पण जळू कातडीतले थोडे रक्त पिते. मांडीतल्या वीतभर गुठळीचे जांघेकडे सरकणारे टोक तिच्या पिण्याने थांबते, याला पुरावा नाही. शिवाय, रक्त पातळ करण्याचे औषध चालू असताना जळवा लावून घेतल्या, तर दंशातून रक्त वाहत राहण्याचे नवे संकट उभे राहते. आणि जळवांसाठी ज्या सुश्रुताची साक्ष आमचे गृहस्थ काढतात, त्याचा सबंध जबाब त्यांनी वाचावा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथींच्या प्रकरणात शिरेपासून होणारी गाठ वर्णिली आहे, आणि फुगलेल्या शिरांच्या गाठींशी तिचे साम्य अनेक वैद्य दाखवतात. तेथे सुश्रुत सर्व गाठींस एकच निकाल देत नाही: दुखणारी व हलणारी गाठ कष्टाने साध्य, आणि न दुखणारी, अचल, मोठी किंवा मर्मस्थानी उठलेली गाठ वैद्याने हाती घेऊ नये, असा भेद तो करतो. शारीरस्थानात तो लोहिताक्ष नावाचे मर्म मांडीच्या मुळाशी सांगतो आणि त्याची गणना शिरांच्या मर्मांत करतो. गाठ कोठे आहे आणि केवढी आहे, हे प्रथम पाहा, ही आज्ञा त्या प्राचीन शल्यवेत्त्याचीच आहे. डॉपलरने तीच पाळली जाते. सुश्रुताचे नाव घेऊन मोजमाप नाकारणारा मनुष्य सुश्रुताचाच हुकूम मोडतो, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

रक्त पातळ करणारी औषधे रोगापेक्षा भयंकर, हा आक्षेप मात्र मी हलका मानीत नाही. ज्याला पोटात व्रण आहे, ज्याचे मूत्रपिंड दुबळे झाले आहे, ज्याच्या मेंदूत पूर्वी रक्तस्राव झाला आहे, त्याच्या बाबतीत ते खरे ठरू शकते, आणि म्हणून औषधापूर्वी रक्ताची तपासणी आणि नीट चौकशी झालीच पाहिजे; गरोदर स्त्रीस तर रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या देतच नाहीत, तिला हेपॅरिनच्या जातीची इंजेक्शने लागतात. परंतु सरसकट भयाचे उत्तर आकड्यांत उपलब्ध आहे. २०१० मध्येच प्रसिद्ध झालेल्या ‘कॅलिस्टो’ या चाचणीत पाच सेंटीमीटरहून लांब पण संगमापासून दूर अशी गुठळी असलेल्या ३,००२ रोग्यांपैकी निम्म्यांना फोंडापॅरिनक्सचे अडीच मिलिग्रॅमचे इंजेक्शन रोज एक असे ४५ दिवस दिले, आणि निम्म्यांना नुसते औषधहीन द्रव टोचले. मृत्यू, फुप्फुसातली गुठळी, खोल शिरेतली गुठळी, वरच्या गुठळीचे जांघेकडे सरकणे किंवा ती पुन्हा होणे, यांपैकी काही ना काही औषधहीन गटात ५.९ टक्के रोग्यांना झाले. औषध घेतलेल्यांत ०.९ टक्क्यांना. मोठा रक्तस्राव दोन्ही गटांत एकेका रोग्याला झाला. येथे प्रतिपक्षाच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. टाळलेल्या उपद्रवांतले बरेचसे गुठळी वाढण्याचे आणि पुन्हा होण्याचे होते. मृत्यूच्या संख्येत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणून प्रत्येक वरच्या गुठळीने माणूस मरतो अशी हाकाटी करणाऱ्याचाही मी विरोधक आहे. पण खोल शिरेत वा फुप्फुसात गुठळी जाण्याचे प्रमाण १.३ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आले, हा लाभ कोणत्या न्यायाने नाकारायचा? ४५ इंजेक्शनांचा खर्च आणि रोज टोचून घेण्याचा जाच ही अडचण खरी आहे. तीवर २०१७ मध्ये जर्मनीतल्या चाचणीने रिव्हारोक्साबनच्या १० मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीचा, त्या इंजेक्शनाहून उणा न ठरलेला, पर्यायही पुढे ठेवला आहे.

खिशाच्या आरोपाबाबत माझी आणि त्या गृहस्थांची अर्धी वाट एकच आहे. मोफत शिबिर भरवून, पायावर निळी रेघ दिसलेल्या प्रत्येकाला लेसरची तारीख देण्याचा व्यवहार जेथे कोठे चालत असेल तेथे तो निंद्यच आहे. परंतु त्यावरून डॉपलर निरुपयोगी ठरत नाही. ज्याला शस्त्रक्रियेची गरज नाही त्याला वाचवणाराही तोच कागद असतो. ताजी गुठळी असताना सामान्यतः शीर बंद करण्याची घाई करत नाहीत. औषधाने गुठळी निवळल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, मूळ फुगलेल्या शिरेचा विचार करतात, आणि तो केला पाहिजे, कारण शीर तशीच ठेवली तर गुठळी पुन्हा होण्याचा संभव राहतो. ‘शीर काढली तर रक्त जाणार कोठून’ ही शंका मला माईनेही विचारली होती. पायातल्या रक्ताचा फार मोठा भाग खोल शिरांतूनच वर जातो. झडपा गेलेली वरची शीर काम करीत नव्हती, उलट रक्त खाली सोडीत होती.

एक गोष्ट चालता चालता, पण महत्त्वाची. ज्याच्या पायाच्या शिरा फुगलेल्याच नाहीत, त्याच्या वरच्या शिरेत विनाकारण गुठळी झाली, किंवा आज या पायात, उद्या त्या हातात अशी फिरू लागली, तर डॉक्टरांनी आणखी खोल शोध घ्यावा. फ्रेंच वैद्य त्रूसो याने १८६५ मध्ये अशा गुठळ्यांचा पोटातल्या कर्करोगाशी संबंध दाखवला. पुढे तीच खूण त्याने स्वतःच्या अंगावर ओळखली, आणि १८६७ मध्ये तो कर्करोगाने मृत्यू पावला.

राहिला आजीचा दाखला. आमच्या आज्या पायात अशा गाठी बाळगून ऐंशी वर्षे जगल्या, हे त्या बैठकीतले शेवटचे आणि सर्वांत जास्त टाळ्या मिळवलेले वाक्य होते. माझीही आजी जगली. परंतु अंगण सारवता सारवता धाप लागून तासाभरात गेलेल्या बायकाही आमच्या गावात होत्या. त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच असे, आणि त्यांचे पाय कोणी पाहिले नव्हते. जगलेल्यांची साक्ष घ्यायची असेल तर गेलेल्यांचीही घ्यावी लागते, आणि ती घेण्याची सोय त्या काळी नव्हती. आज आहे.

म्हणून गावातल्या सर्व डॉक्टरांना आणि वैद्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, फुगलेल्या शिरेत दुखरी, कढत दोरी घेऊन कोणी दारात आला, तर त्याला ‘काही नाही’ म्हणण्यापूर्वी डॉपलर करवून घ्यावे आणि त्याच्या कागदावर दोन आकडे स्पष्ट लिहावेत: गुठळीची लांबी किती, आणि जांघेपासून तिचे अंतर किती. आणि वाचकहो, तुमच्या घरी असा पाय असेल तर हे दोन आकडे तुम्ही मागून घ्या. त्या पायाच्या माणसाला अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर आकड्यांचीही वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि त्याच घटकेला रुग्णालय गाठा.